तोल सावरण्याची विद्या

माणसाच्या शरीराला जे ज्ञान असते त्याचा फार मोठा भाग त्या माणसाला स्वतःलाही ठाऊक नसतो. भरलेली घागर डोक्यावर घेऊन ओढ्याची उतरण उतरणाऱ्या बाईला मान किती ताठ धरावी, गुडघा किती वाकवावा आणि पायाखालचा दगड हलल्यास कंबर कोणत्या अंगाला झुकवावी याचा विचार करावा लागत नाही. मेंढरांमागे चालता चालता चातीवर लोकर कातणाऱ्या धनगराचे पाय वाट धरून असतात, बोटे धागा ओढत असतात आणि लक्ष मात्र कळपातून बाजूला फुटणाऱ्या मेंढराकडे असते. सांगली जिल्ह्याच्या उत्तर भागातील आटपाडी तालुक्यात, म्हणजे जुन्या माणदेशात, असे पाय आणि असे हात पिढ्यान्‌पिढ्या घडत आले आहेत, आणि त्यांच्याविषयी कोणी फारसे बोलत नाही, कारण जे बिनबोभाट पार पडते ते ज्ञान म्हणून मोजले जात नाही. अनुमस्तिष्काच्या पक्षाघातानंतर नेमके हेच ज्ञान हरवते. ताकद शिल्लक असते, समज शिल्लक असते, पण हालचालीचे प्रमाण गेलेले असते. आणि ते पुन्हा कमावण्याचे काम किती लांबणीचे, किती एकाकी आणि किती आदरास पात्र आहे हे ओळखल्याखेरीज या आजाराची शुश्रूषा पुरी होत नाही.

अनुमस्तिष्क, ज्याला बोलण्यात लहान मेंदू म्हणतात, तो कवटीच्या मागच्या तळाशी, मानेच्या जरा वर वसलेला भाग होय. आकारमानाने तो संपूर्ण मेंदूच्या साधारण एक दशांश भरतो. परंतु ब्राझीलमधील सुझाना हर्कुलानो-हूझेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजणीनुसार मानवी मेंदूतील सुमारे 8,600 कोटी चेतापेशींपैकी सुमारे 6,900 कोटी पेशी या एवढ्याशा जागेत दाटलेल्या असतात. हालचालीचा हुकूम मोठ्या मेंदूतून सुटतो. अनुमस्तिष्क स्नायू, सांधे, डोळे आणि आतला कान यांच्याकडून येणारी खबर त्या हुकुमाशी ताडून पाहते आणि वेग, दिशा, जोर व वेळ यांत क्षणोक्षणी दुरुस्ती करीत राहते. मोठ्या मेंदूचा उजवा अर्धा भाग शरीराची डावी बाजू चालवतो हे पुष्कळांना माहीत असते, पण अनुमस्तिष्काचे तसे नाही. त्याच्या उजव्या बाजूला इजा झाली तर उजवाच हात आणि उजवाच पाय बेताल होतो, आणि मधल्या पट्ट्याला इजा झाली तर हातपाय बऱ्यापैकी ठीक असूनही माणसाला आधाराशिवाय बसता येत नाही. या भागाला धमन्यांच्या तीन जोड्या रक्त पुरवतात. त्यांपैकी एखादीत रक्ताची गुठळी अडकली, किंवा दीर्घकाळच्या रक्तदाबाने एखादी बारीक रक्तवाहिनी फुटली, म्हणजे अनुमस्तिष्काचा पक्षाघात होतो. एकूण पक्षाघातांत अशा रुग्णांचे प्रमाण थोडे असल्यामुळे समाजाच्या मनात या आजाराचे चित्रच तयार झालेले नाही.

अनुमस्तिष्काचे काम विज्ञानाला हळूहळू उमगत गेले. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ प्येर फ्लुरां यांनी 1824 च्या सुमारास कबुतरांवर प्रयोग करून दाखवले की हा भाग काढून टाकल्यावर पक्ष्याची शक्ती जात नाही, संवेदनाही जात नाही, मात्र चालणे आणि उडणे यांतील सुसूत्रता नाहीशी होते. माणसाच्या बाबतीतले तपशीलवार ज्ञान मात्र युद्धाने दिले. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर डोक्याच्या मागच्या भागात गोळी लागलेल्या सैनिकांना गॉर्डन होम्स या चेतारोगतज्ज्ञाने बारकाईने तपासले, आणि 1917 पासून लिहिलेल्या निबंधांत व 1922 च्या व्याख्यानांत त्याने जी लक्षणे नोंदवली ती आजही जवळपास त्याच स्वरूपात वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना शिकवली जातात. त्याच्या एका रुग्णाने सांगितलेली गोष्ट या आजाराच्या गाभ्याशी जाते: निरोगी बाजूच्या हाताची कामे नकळत होऊन जात, तर इजा झालेल्या बाजूच्या हाताला प्रत्येक हालचालीसाठी आधी विचार करून मगच हलवावे लागे. तेव्हापासून आजवर ज्या ज्या रुग्णांनी आपला अनुभव सांगितला आहे त्यांच्या बोलण्यात हीच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत येत राहते.

आजाराची सुरुवातच फसवी असते. गावात ‘लकवा मारला’ म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर वाकडे झालेले तोंड, लुळा पडलेला हात आणि ओढत चालणारा पाय उभा राहतो. अनुमस्तिष्काच्या पक्षाघातात यांपैकी काहीही दिसेलच असे नसते. एकाएकी घर गरगर फिरू लागते, कोरड्या उमाशांसह उलट्या होतात, कधी मानेच्या वर डोक्यात तीव्र ठणका उठतो, जीभ जड होते, एकाचे दोन दिसू लागतात आणि उभे राहू पाहणारा माणूस एका अंगाला कोलमडतो. माणदेशातील उन्हाळा लक्षात घेतला तर ‘ऊन लागलं’, ‘पित्त खवळलं’, ‘भोवळ आली’, ‘उपासानं चक्कर आली’ असे अर्थ लावले जाणे स्वाभाविकच म्हटले पाहिजे; लिंबू-साखरेचे पाणी देऊन सावलीत निजवले जाते आणि त्यात मोलाचे तास निघून जातात. ही फसगत खेड्यापुरती नाही, कारण मोठ्या शहरांतील तातडीच्या विभागांतही हा आजार पोटाचा किंवा कानाचा विकार समजला गेल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात भरपूर आहेत, आणि सुरुवातीच्या तासांत साधा सीटी स्कॅन कवटीच्या या मागच्या कप्प्यातील बिघाड पुष्कळदा दाखवतच नाही. म्हणून एक खूण प्रत्येक घराने लक्षात ठेवावी अशी आहे: चक्कर कितीही सामान्य वाटली, तरी ती अचानक आली असेल आणि माणसाला आधाराशिवाय बसता किंवा उभे राहता येत नसेल, तर तो मेंदूचा आजार असू शकतो, आणि तेव्हा घरगुती उपायांत वेळ घालवू नये.

वेळेचे हे महत्त्व आटपाडीच्या भूगोलात अधिकच टोचते. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत, आणि तेही रक्तस्राव नसल्याची खात्री करूनच, देता येते. तालुक्याच्या गावाहून भिवघाटमार्गे किंवा विटा-तासगावमार्गे सांगली-मिरज गाठायला दोन तास किंवा त्याहून अधिक वेळ लागतो, आणि वाडीवस्तीवरून आटपाडीपर्यंत येण्याचा वेळ त्यात मिळवला तर हाती फारसे काही उरत नाही. डॉ. विल्यम वानलेस यांनी 1894 मध्ये मिरजेत मिशनचे रुग्णालय उभारल्यापासून मिरज ही साऱ्या दक्षिण महाराष्ट्राची आणि उत्तर कर्नाटकाची उपचारनगरी झाली, 2014 पासून 108 क्रमांकाची रुग्णवाहिकाही धावू लागली. तरीही घरातल्या कोणीतरी लक्षण ओळखणे ही पहिली पायरी कोणतीही यंत्रणा परस्पर चढू शकत नाही. तातडीने पोचण्याला आणखी एक कारण आहे. मागचा कप्पा अरुंद असल्याने इजा झालेला भाग पुढच्या दोन-चार दिवसांत सुजला तर मेंदूतील द्रवाची वाट अडते, श्वास आणि शुद्ध सांभाळणाऱ्या मस्तिष्कस्तंभावर, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जू यांना जोडणाऱ्या देठावर, दाब येतो आणि सुरुवातीला बोलत असलेला रुग्ण अचानक गुंगीत जाऊ शकतो. अशा वेळी कवटीचा मागचा भाग उघडून दाब कमी करणारी शस्त्रक्रिया जीव वाचवते. म्हणून पहिल्या दिवशी बरे वाटले तरी रुग्णाला देखरेखीखाली ठेवण्याचा डॉक्टरांचा आग्रह नातेवाइकांनी मनापासून मानला पाहिजे.

जीव वाचल्यानंतर खरा आजार उलगडू लागतो, आणि तो कळायला पाण्याचा एक पेला पुरे होतो. चटईवर भिंतीला टेकून बसलेल्या रुग्णासमोर अर्धा भरलेला पितळी पेला ठेवलेला असतो. त्याचा हात निघतो तो जरा उशिराने आणि आवश्यकतेपेक्षा अधिक जोराने. पेल्याच्या अलीकडे थांबण्याऐवजी तो पलीकडे जातो, मग परत फिरतो, पुन्हा अलीकडे येतो, आणि जसजसे अंतर कमी होते तसतसा त्याचा कंप वाढत जातो. अंतराचा अंदाज असा चुकण्याला वैद्यकात प्रमाणभंग म्हणता येईल, आणि लक्ष्याजवळ पोचताना वाढणारी थरथर ही या आजाराची दुसरी खूण. ती कंपवाताहून वेगळी ओळखता येते, कारण कंपवातातला कंप बहुधा हात स्वस्थ असताना दिसतो आणि हा कंप नेमका हाताने काही करू पाहिल्यावर उफाळतो. पेला हाती आल्यावर पकड गरजेहून घट्ट होते, ओठांपर्यंत येईतो पाणी हिंदकळून कुडत्यावर सांडते, आणि घोट घेताना ठसका लागण्याची भीती असते. बघणाऱ्याला यात अशक्तपणा दिसतो. प्रत्यक्षात त्या हातात पोते उचलण्याचे बळ असते. नाहीसे झालेले असते ते बळ किती आणि केव्हा वापरायचे याचे भान.

चालण्याचीही हीच कथा आहे. दोन्ही पाय फाकवून, जणू भूमीचा अधिक भाग आपल्या ताब्यात घ्यावा तसा रुग्ण चालतो, वळताना अडखळतो आणि एका रेषेत टाचेला बोट लावून चालणे त्याला बहुधा जमतच नाही. सपाट फरशीवर जे निभावते ते ढेकळांच्या रानात, पावसाने घसरड्या झालेल्या बांधावर किंवा दिवेलागणीनंतरच्या अंधारात निभावत नाही, कारण बिघडलेल्या तोलाला डोळे जो टेकू देतात तोही अंधारात काढला जातो. आठवडी बाजारात, जिथे शेळ्या-मेंढ्यांचे कळप, मोटारसायकली आणि माणसे चहूबाजूंनी हलत असतात, तिथे त्याला पुन्हा पहिल्या दिवसासारखे गरगरू लागते. बोलण्यातही तोल असतो हे अशा वेळी ध्यानात येते. ग. दि. माडगूळकर, व्यंकटेश माडगूळकर आणि शंकरराव खरात यांना जन्म देणाऱ्या या तालुक्यात बोलणे ही मोठी दौलत आहे, आणि माणदेशी बोलीची निम्मी गोडी तिच्या हेलात, कुठे ओढायचे आणि कुठे तोडायचे याच्या जाणिवेत आहे. अनुमस्तिष्काच्या आजारात शब्द आठवतात, वाक्यही मनात पुरे असते, परंतु जीभ, ओठ आणि श्वास यांची वेळ चुकल्यामुळे शब्द अक्षराअक्षरांत तुटतो, प्रत्येक अक्षरावर सारखाच जोर पडतो आणि हेल नाहीसा होतो. गप्पांचा फड रंगवणारा माणूस मग पाराकडे जाणे टाळतो, आणि घरच्यांना वाटते की त्याचा स्वभाव बदलला.

उपजीविकेवर होणारा परिणाम कामागणिक निराळा असतो. आटपाडीच्या डाळिंबाच्या बागेत छाटणी करणाऱ्याला काटेरी फांद्यांच्या जाळीत हात घालून नको असलेला फुटवा तेवढा कात्रीने उडवायचा असतो. इंचाची चूक झाली तर डोळ्याकडे काटा येतो किंवा फळाची काडी जाते. या भागातील हजारो कुटुंबे गलाई व्यवसायासाठी, म्हणजे सोने-चांदी वितळवून शुद्ध करण्यासाठी, देशभरच्या शहरांत पसरलेली आहेत, आणि तिथे तर तापलेली मूस चिमट्यात धरून वितळलेला धातू साच्यात ओतणारा हात किंचितही हलून चालत नाही. असा कारागीर पक्षाघातानंतर गावी परततो तेव्हा त्याच्याबरोबर त्याची वीस-तीस वर्षांची हातोटीही थबकलेली असते, आणि पुढे काय करायचे हा प्रश्न साऱ्या घरापुढे उभा राहतो. शेतातले काम निदान वाटून घेता येते, पाणी द्यायला किंवा हिशेब ठेवायला बसता येते. हाताच्या सूक्ष्म कौशल्यावर उभ्या राहिलेल्या धंद्यात मात्र असा मधला मार्ग क्वचितच सापडतो.

यांपेक्षाही दुर्लक्षित राहतात ते न दिसणारे परिणाम. जेरेमी श्माहमन आणि जेनेट शेरमन या अमेरिकन संशोधकांनी 1998 मध्ये दाखवून दिले की अनुमस्तिष्काच्या आजारात आखणी करणे, एका विषयावरून दुसऱ्यावर लक्ष नेणे, अवकाशाचा अंदाज घेणे, योग्य शब्द चटकन शोधणे आणि भावना आवरणे यांतही बिघाड होऊ शकतो. जो भाग हालचालीला प्रमाण देतो तोच विचाराला आणि भावनेलाही काही अंशी प्रमाण देत असावा असे त्यांचे प्रतिपादन आहे. लहानशा कारणाने रडू येणे, चिडणे, दोघे एकदम बोलू लागले की गोंधळणे, या गोष्टींना घरात हट्ट किंवा नाटक ठरवले जाते, आणि रुग्ण स्वतःही स्वतःला दोष देतो. याला जोड मिळते थकव्याची. जे पूर्वी आपोआप होत असे ते सारे आता लक्ष देऊन करावे लागते, आणि लक्ष ही गोष्ट अमर्याद नसते. सदऱ्याची बटणे लावणे, न्हाणीघरापर्यंत जाणे, घास तोंडापर्यंत नेणे एवढ्यानेच दुपारपर्यंत माणूस गळून जातो, आणि पुरेशी झोप घेतली तरी हा शीण पूर्णपणे जात नाही. पर्जन्यछायेच्या या मुलखाला, जिथे कराडजवळच्या टेंभू येथून कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने उचलून आणावे लागते आणि आलेले पाणी पाळीने वाटून घ्यावे लागते, थोडे असलेले काटकसरीने पुरवणे म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. रुग्णाची दिवसभराची शक्ती त्याच रीतीने वाटून घ्यावी लागते: अवघड काम सकाळी, मध्ये विसावा, पाहुण्यांच्या भेटी थोड्या आणि आखडत्या, आणि एका वेळी एकच काम. चालताना बोलू नये, बोलताना उभे राहू नये हा नियम सुरुवातीच्या काळात कठोर वाटला तरी तो पडण्यापासून वाचवतो.

सुधारणा होते, आणि बऱ्याच रुग्णांत ती चांगली होते, हे निःसंशय सांगितले पाहिजे. मस्तिष्कस्तंभ सुरक्षित असेल आणि अनुमस्तिष्काच्या पोटातील खोल केंद्रके वाचली असतील तर परत मिळणारे कौशल्य अधिक असते. पहिल्या तीन महिन्यांत वेग जास्त असतो, पुढे तो मंदावतो, पण थांबतोच असे नाही. मेंदूतील उरलेले भाग नव्या वाटांनी जुनी कामे उचलू लागतात, आणि त्यांना तसे करायला लावण्याचे साधन एकच, ते म्हणजे पुन्हा पुन्हा केलेली, मोजून-मापून केलेली हालचाल. स्वित्झर्लंडमधील हायडन या गावी काम करणाऱ्या हाइनरिख फ्रेंकल या डॉक्टरने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे ओळखले. बोट नाकाला लावण्याच्या साध्या तपासणीत नापास झालेला त्याचा एक रुग्ण घरी तीच कृती घोकत राहिला आणि काही महिन्यांनी परतला तेव्हा ती त्याला जमू लागली होती. यावरून फ्रेंकलने निजून, बसून, उभे राहून आणि चालून करावयाच्या व्यायामांची क्रमवार मालिका रचली, जिच्यात हालचाल सावकाश, नजरेसमोर आणि आकड्यांच्या तालावर करायची असते. ते व्यायाम मूळचे मज्जारज्जूच्या एका आजारासाठी होते, पुढे ते अनुमस्तिष्काच्या रुग्णांसाठीही वापरले जाऊ लागले. आजचे फिजिओथेरपिस्ट त्यांना आणखी जोड देतात: एका खुणेवर नजर रोखून मान हलवणे, बसल्या जागी धड तोलणे, पायऱ्या, वळणे, निरनिराळ्या पृष्ठभागांवरून चालणे. या उपचाराचे एक तत्त्व रुग्णांना अवघड जाते, ते असे की सोसवेल इतकी गरगर सराव करताना होऊ द्यावी लागते, कारण चूक घडल्याशिवाय मेंदूला दुरुस्तीचे कारण मिळत नाही. याच कारणामुळे चक्कर दाबणाऱ्या गोळ्या महिनोन्‌महिने घेत राहिल्यास सुधारणा उलट लांबते.

पायरीपायरीने आणि रोज करायच्या शरीरसाधनेचा हा विचार आटपाडीला परका नाही. स्वातंत्र्यापूर्वी हा तालुका औंध संस्थानात होता, आणि औंधचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार हे आपले जीवितकार्य मानले होते. त्यांनी त्यावर पुस्तक लिहिले, संस्थानातल्या शाळांत नमस्कार सक्तीचे केले आणि स्वतः ते नेमाने घातले. अनुमस्तिष्काच्या रुग्णाने सूर्यनमस्कारच घालावेत असे येथे सुचवायचे नाही, कारण डोके खाली नेणाऱ्या स्थिती आजाराच्या नव्या काळात धोक्याच्या ठरू शकतात आणि कोणता व्यायाम केव्हा करायचा हे जाणकारानेच ठरवले पाहिजे. लक्षात घेण्याजोगी आहे ती त्या साधनेमागची श्रद्धा: हालचालीचे ठरावीक टप्पे, प्रत्येक टप्प्याला श्वासाची जोड, क्रमात बदल नाही आणि दिवसात खंड नाही. उत्साहाच्या भरात एका दिवशी दोन तास केलेल्या व्यायामापेक्षा दिवसातून तीनदा नेमाने केलेली दहा-पंधरा मिनिटे मेंदूला अधिक शिकवतात, आणि नेम ही गोष्ट या मुलखाच्या जुन्या संस्कारात बसणारी आहे. औषधांच्या बाबतीतही हाच नेम कामी येतो. रक्तदाब, मधुमेह, हृदयाचे अनियमित ठोके यांवरचा उपचार आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय बंद केल्यास दुसरा झटका येण्याचा धोका वाढतो. आणि तंबाखू, मग ती चुन्यात मळलेली असो की मिसरी म्हणून दातांना लावलेली असो, सोडणे हा उपचाराचाच भाग आहे.

रुग्णाला जे सोसावे लागते त्यातला एक भाग आजाराचा नसून भोवतालच्या नजरेचा असतो. पाय फाकवून झोकांड्या खात चालणारा, अडखळत बोलणारा माणूस रस्त्यावर दिसला की अनोळखी लोक त्याला प्यायलेला समजतात. एसटीत चढताना त्याला हात देण्याऐवजी बाजूला सरतात. माळकरी, निर्व्यसनी माणसाच्या वाट्याला हा संशय आला म्हणजे तो घराबाहेर पडणेच बंद करतो, आणि घरात बसून राहण्याने उरलासुरला तोलही गंजत जातो. हातात काठी असणे अशा वेळी दुहेरी उपयोगाचे ठरते, कारण ती शरीराला आधार देते आणि पाहणाऱ्याला आजाराची कल्पनाही देते. बायकांचे दुःख आणखी वेगळे असते. बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या सुनेने चुलीपुढे बसू नये, उकळते कालवण उतरवू नये, विहिरीवर जाऊ नये हे सासरच्या घराला पटवून देणे कठीण जाते. लुळा हात दाखवता येतो, हरवलेले प्रमाण दाखवता येत नाही. भाकरी थापताना दोन्ही तळव्यांची जी लय लागते ती बिघडलेली असते, आणि भाकरी वाकडी झाली याचे बोल मात्र तिलाच ऐकावे लागतात.

दुसऱ्या टोकाला असते ती मायेने केलेली कोंडी. पडेल, लागेल, कोणी काही म्हणेल या भीतीने घरचे लोक रुग्णाला अंथरुणावरून उठू देत नाहीत, घास भरवतात, त्याच्या वतीने बोलतात, आणि यात प्रेमच असते. पण जी चूक करू दिली जात नाही तिच्यातून मेंदू काही शिकत नाही. या प्रश्नाचा विचार करताना आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरची आठवण होणे साहजिक आहे. औंध संस्थानाने 1939 मध्ये मॉरिस फ्रिडमन यांच्या पुढाकाराने तेथे भिंतींशिवायची वसाहत उभारली, जिथे गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेले लोक आपल्या कुटुंबासह राहून शेती करीत, आणि त्या प्रयोगातून प्रेरणा घेऊन 1957 मध्ये व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट आला, ज्याची कथा याच तालुक्यात जन्मलेल्या ग. दि. माडगूळकरांची होती. आजारी माणूस आणि कैदी यांची तुलना करण्याचे येथे कारण नाही. पण धोका पत्करून माणसावर विश्वास टाकला तर तो सावरतो, हा अनुभव या मातीत एकदा घेतला गेला आहे आणि तो घराघरांत उपयोगी पडणारा आहे. न्हाणीघरात आणि संडासात धरायला भक्कम दांडी, उंबऱ्याला उतार, अंगणातल्या वाटेवरचे दगड काढलेले, रात्री जळत राहणारा एक दिवा, जड बुडाचा पेला आणि हात पोहोचेल एवढ्या अंतरावर, पण हात न लावता चालणारा सोबती; एवढी तयारी केली की धोका आटोक्यात येतो आणि चालण्याचे स्वातंत्र्य त्याचे त्याच्याकडे राहते.

यापलीकडे जे हवे आहे ते घराच्या आवाक्यातले नाही. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार 7 वरून 21 केले आणि दीर्घकालीन चेताविकारांना त्यांत स्थान दिले, त्यामुळे तोल आणि समन्वय कायमचा गेलेल्या माणसाला प्रमाणपत्र मिळवण्याची वाट कागदावर खुली झाली आहे. परंतु बहुतेक लाभांसाठी 40 टक्क्यांची अट असते, आणि बसलेल्या जागी हातपाय पूर्ण ताकदीने हलवून दाखवणाऱ्या माणसाचे दिव्यांगत्व वरवरच्या तपासणीत निसटून जाऊ शकते. त्याला चालवून, वळवून, पेला उचलायला लावून तपासले पाहिजे. उपचारासाठी एकदा शंभरेक किलोमीटर जाणे कुटुंबाला कसेबसे जमते, पण आठवड्यातून तीनदा व्यायामासाठी जाणे जमत नाही. म्हणून तालुक्याच्या ठिकाणी फिजिओथेरपी आणि वाचोपचार, म्हणजे बोलणे व गिळणे सुधारणारे प्रशिक्षण, मिळणे हा या आजारातल्या न्यायाचा प्रश्न आहे. वाडीवस्तीवर जाणाऱ्या आशा कार्यकर्तीला या आजाराची लक्षणे आणि चार सोपे व्यायाम शिकवले, तरी पुष्कळांचे पुढचे आयुष्य बदलू शकते.

अनुमस्तिष्काच्या पक्षाघातातून उठलेला माणूस पूर्वीसारखा झाला की नाही, हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक जण विचारतो, आणि त्या मोजपट्टीवर बहुतेक रुग्ण थोडे कमी पडतात. त्याची चाल जरा रुंद राहते, घाईत जीभ अडखळते, संध्याकाळी थकवा घेरतो. पण जी कामे इतर सारे न शिकता, न कळता करतात ती त्याने एकेक करून, जाणतेपणाने, पुन्हा मिळवलेली असतात, आणि सदऱ्याचे बटण लावण्याइतक्या साध्या कृतीतही किती गोष्टी जुळून याव्या लागतात हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक नसते. त्या ज्ञानाचा मान ठेवायचा तर भोवतालच्यांनी दोन गोष्टी पाळाव्या लागतील: त्याचे वाक्य पुरे होईपर्यंत थांबायचे आणि त्याच्या पावलाच्या वेगाने चालायचे. औषध आणि व्यायाम आपले काम करतील. ते टिकवून धरण्याचे काम घराच्या आणि गावाच्या धीराचे आहे.